दूध आणायला गेलेली गाडी

माणसं मला उशिरा कळतात, धूर लगेच कळतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय, निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय. त्यातला निळा भारी लबाड. रात्रभर ऑइल आत झिरपतं, सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन बाहेर येतं, आणि इंजिन एकदा तापलं की गाडी अगदी साळसूद. म्हणून जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर आल्या पावली परत. धाकट्या भावाला हे मीच शिकवलं, माझ्या गॅरेजात.

त्यानं आपली जुनी गाडी विकायला काढली. घेणार होती शेजारची शिंपीणमावशी, लेकीला टॅक्सी चालवायला. मावशी मला म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू हो म्हण, मी घेते."

सकाळीच भावाकडे गेले. बॉनेट गरम होतं.

"आत्ताच दूध घेऊन आलो गं, ताई," तो म्हणाला.

दुसरं कुणी असतं तर मी तिथूनच फिरले असते. हा माझा भाऊ. चावी फिरवली, धुराचा मागमूस नाही. मग घरात भावजयीनं कोरा चहा दिला, तो मी मिटक्या मारत प्यायले आणि येऊन मावशीला सांगितलं, "डोळे मिटून घे."

आठवडाभरात मावशीच्या लेकीनं मला हाक मारली. रात्रभर उभी असलेली गाडी तिनं सुरू केली आणि गल्ली निळी झाली. तेव्हा मला तो कोरा चहा आठवला.

मावशी भांडली नाही. "मी गाडी कुठे घेतली गं? तुझा शब्द घेतला," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तशीच भावाकडे गेले. "तुला माहीत होतं?"

तो चक्क हसला. "तूच तर शिकवलंस, ताई. हात ठेवला होतास ना? मग फिरायचं होतंस परत."

केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि वर मलाच शहाणपण शिकवत होता.

आतून भावजयीनं विचारलं, "ताई, चहा टाकू?"

"दूध आहे का गं आज?"

"आज आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी नव्हतं, यांना सांगूनही आणलं नाही."

भावाचं हसू तेवढ्यानं गेलं. मी चपला घातल्या.