माझा पोचा आणि त्याचा हातगुण

मित्रांनो, मी एक जुने पोलादी माप आहे. वर मोठी वाटी, आणि उलटे केले की छोटी. मोठ्या वाटीने टकीला मोजायची, छोट्या वाटीने लिंबाचा रस. तुम्ही अजून लहान असाल तर सरबत समजून ऐका, मोजायचे काम तेच असते.

कारखान्यातून मी थेट एका हॉटेलच्या बारमध्ये गेले. पहिल्याच आठवड्यात एका नव्या बारमनच्या हातून मी तळघराच्या दगडी पायरीवर पडले आणि माझ्या छोट्या वाटीला पोचा आला. नोकरी नवी, वरिष्ठ खाष्ट. त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. पोच्यामुळे रस कमी मावायचा, म्हणून माप ओतून झाले की तो रसाच्या बाटलीतून आणखी एक बारीक धार सोडू लागला. चव बरोबर जमायची.

गिऱ्हाइकांना तेवढी धार दिसली. ‘माप सगळेच ओततात, पण याच्या हाताला चव आहे,’ असे ती म्हणू लागली. त्याने खुलासा केला नाही. तीस वर्षे तो त्या धारेवर मिरवला आणि मी ओल्या फडक्यावर आडवे पडून ऐकत राहिले. मला राग आला नाही. मापाला मोजण्यापलीकडे फारसे काही येत नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा हॉटेलने आठवण म्हणून मला त्याच्या हवाली केले. त्याच्या मुलीलाही त्याच बारमागे उभे राहायचे होते. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात शिकवणी चाले. ग्लासाच्या कडेवरून लिंबाची फोड फिरवायची, ती कड बशीतल्या मिठात अर्धीच टेकवायची. मग शेकरमध्ये टकीला, माझ्या मोठ्या वाटीतल्या रेघेपर्यंत संत्र्याची लिकर, छोट्या वाटीने लिंबाचा रस आणि वर ती धार. बर्फ घालून तळहात बधिर होईपर्यंत हलवायचे आणि गाळायचे. पोरीने सगळे अगदी बापासारखे उचलले.

शनिवारी हॉटेलात तिची परीक्षा होती. गुरुवारी ती तिथले नवे माप सरावाला घेऊन आली. मी खिडकीत बसून बघत होते. तिने तेच पेय, मार्गारीटा, केले, आईने घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

‘आंबटढाण झालंय गं.’

दुसरा ग्लासही तसाच झाला, तिसराही. बाप टेबलाशी बसून लिंबाच्या बिया एका रांगेत लावत होता. चूक कुठे आहे हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होते, त्याला आणि मला. मला तोंड नाही. त्याला होते, पण ते उघडले की तीस वर्षांचे नाव जाणार होते.

मुलीने फोन हातात घेतला. ‘मी येत नाही म्हणून कळवते त्यांना. तुमचा हातगुण माझ्यात उतरला नाही, बाबा. तिथे जाऊन हसं कशाला करून घेऊ?’

‘ठेव तो फोन,’ तो म्हणाला. ‘हातगुण वगैरे काही नाही. आपलं माप चेपलेलं आहे. मीच पाडलं होतं. कमी पडायचं तेवढं मी धारेनं भरून काढायचो. नव्या मापाला धार लागत नाही.’

‘म्हणजे इतकी वर्षं लोक...’

‘हो. इतकी वर्षं.’

मुलीने धार न सोडता चौथा ग्लास केला. आईने तो अर्धा संपवला आणि म्हणाली, ‘अहो, हे तर अगदी तुमच्या हातच्यासारखं झालंय.’ त्याने मान हलवली, उठला आणि भांडी विसळायला लागला. ते त्याच्या मनाला फार लागले होते.

मित्रांनो, पोचा आला म्हणून आम्हाला टाकू नका, आम्ही पुष्कळ वर्षे कामाला येतो. पण पुढच्याच्या हाती देताना तो पोचा बोटाने दाखवा. नाहीतर पुढचा बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.

शनिवारी मुलीला नोकरी मिळाली. रविवारी ती म्हणाली, ‘बाबा, आज तुम्ही करा.’ त्याने नवे माप घेतले, रस मोजला, आणि तीस वर्षांच्या सवयीने वर धार सोडली. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. मुलीच्या आले. तरी तिने ग्लास रिकामा केला.

मग त्याने आपल्या ग्लासातला घोट घेतला. ‘आंबट झालंय की हे. संपवलंस कशाला?’

‘तुमच्या हातचं होतं,’ ती म्हणाली.