चाक आवळताना

उद्या सकाळी ऊसतोडीच्या टोळीची गाडी येणार होती, आणि सायकलीचं पुढचं चाक नेमकं आजच खरखरायला लागलं. दोन कोसांवरच्या शाळेत खिचडी शिजवायचं सुनेचं, सत्यशीलेचं, काम सगळं त्या सायकलीवर. बिभीषणानं आईला सांगून टाकलं होतं, "सायकल नीट झाली तर ती राहील. न्हाईतर माझ्यासंग बेलापूरकडं फडावर. कोयता जोडीनं चालतो."

"ठावं हाय मला कोयता कशानं चालतो," लंकाबाई म्हणाली. पंचवीस हंगाम तिनं ऊस तोडला होता. कंबर तिकडंच कुठंतरी राहिली होती.

सायकलवाल्या बन्सीला तिनं भर बाजारात चोर म्हटलेलं, तेव्हा ते दार बंद. नवरा दरसाल चाक उघडायचा ते मात्र तिनं पाहिलं होतं. अंगणात पोतं पसरून तिनं चाक काढलं, पान्यानं छर्रे दाबून धरणारा निमुळता कोन सोडवला, आस ओढला. काळ्या वंगणातून दोन्ही अंगांचे दहा-दहा छर्रे काढून डिझेलात धुतले, लुगड्याच्या चिंधीनं पुसले, वाट्यांत ग्रीस भरून एकेक चिकटवले. आस घातला आणि कोन असा आवळला की चाक जागचं हलेना.

पुन्हा उघडलं, पुन्हा भरलं, पुन्हा आवळलं. तीनदा. उन्हं कलली, बोटं वळेनात.

सत्यशीला पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आत्याबाई, लई आवळताय तुमी. उसाची मोळी हाय व्हय ही?"

"ढिली मोळी गाडीवर चढताना सुटती. तुझ्या डोक्यावर सुटली म्हंजी कळंल."

"म्हनून तर जायचं न्हाई मला."

लंकाबाईनं पाना उचलून कोन पाव फेरा मागं घेतला, तिथंच धरून वरचा नट आवळला. चाक उचलून ढकललं. ते गुमान फिरत राहिलं, मग हवा भरायच्या व्हॉलच्या वजनानं मागं-पुढं झुलून थांबलं.

"फिरलं," सत्यशीला हळूच म्हणाली.

"फिरनारच. पीठ वाळलं हातावरचं, जा."

सांजच्याला बिभीषणानं चाक दोनदा फिरवून पाहिलं. "एकटाच जातो मग. अर्धा कोयता, अर्धी मजुरी."

"जा. हितं माझ्याशी भांडायला कुनीतरी पायजेच," म्हणत लंकाबाई त्याच पोत्यावर आडवी झाली. काळे हात धुवायचे राहिले ते राहिलेच.