गोरे चेहरे, सावळे हात

मी एक जुनी पेन्सिल आहे, मित्रांनो, पण कागदावर मी एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नाही. देवळाली कॅम्पच्या बाजारात हिरामणकाकांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथली मी. पितळी दांडा, आत बदलता येणारं शिसं आणि सुईसारखं टोक. माझं काम निगेटिव्हवर, म्हणजे ज्या फिल्मवरून फोटो छापतात तिच्यावर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं ना, म्हणून मी जिथे काळं करायचे तिथे फोटोत गोरं व्हायचं. आहे की नाही गंमत?

एके काळी माझा काय तोरा होता. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा असला की तिचे वडील काकांच्या कानाशी लागायचे, "जरा उजळ येऊ द्या." मग मी तिच्या गालांवर नाजूक रेघा मारत राबायचे. फोटो बघून लोक म्हणायचे, "हिरामणच्या हातात जादू आहे." मी नुसती फुलून जायचे.

नव्वदनंतर जिकडेतिकडे रंगीत रोल आले आणि मी खणात पडले, गंजक्या टाचण्यांच्या सोबतीला. मग दोन हजार चारच्या सुमारास सगळ्यांना अचानक जुनं आवडायला लागलं. काकांनी जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो दर्शनी काचेत मांडले. लोक थांबायचे, उसासे टाकायचे. "काय देखण्या होत्या पूर्वीच्या बायका. आताच्या पोरी बघा, उन्हात उंडारून काळ्या ठिक्कर."

अहो, त्या बायकाही अशाच होत्या. ते गोरे गाल माझे होते. मी खणातून जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण पेन्सिलीला आवाज कुठला?

एक दिवस मोहिनी आली. नववीतली, बडबडी, सावळी. शाळेत 'आजीसारखी मी' अशी फोटोंची स्पर्धा होती, म्हणून नऊवारी, नथ, सगळा थाट. सोबत तिच्या लंकाकाकू. काचेत मोहिनीच्या आजीचा, सावित्रीबाईंचा, लग्नाआधीचा फोटो होता. आजीला या दोघींनीही कधी पाहिलेलं नव्हतं. काकू लग्न होऊन यायच्या आधीच त्या गेल्या होत्या.

"सासूबाई बघ कशा केतकीच्या पानासारख्या," काकू म्हणाल्या. "आपल्या घरात तूच एक अशी कशी निघालीस, देव जाणे. हिरामणभाऊ, हिला जरा धुऊन काढा."

मोहिनीची बडबड बंद झाली. आजीसारखाच ब्लॅक अँड व्हाइट फोटो निघाला. काकांनी मला खणातून काढून टोक केलं. मला मोडून पडायचं होतं, पण तेही जमेना.

फोटो न्यायला दोघी आल्या तेव्हा मोहिनी बघतच राहिली. चेहरा पिठासारखा, आणि मांडीवरचे हात तिचे स्वतःचे, सावळे. तिने आजीचा फोटो काचेतून काढायला लावला. आजीचेही हात सावळेच.

"काका, आजीचे हात असे का?"

"हातांवर कोण मेहनत घेतं, बाळा? हात कुणी बघत नाही," काका बोलून गेले.

"म्हणजे आजी माझ्यासारखी होती?"

काकांनी होकाराची मान हलवली. "तिची निगेटिव्ह आहे अजून. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघते."

"मग पुसा ना. मला आजी बघायचीय."

काकांनी आजीची निगेटिव्ह काढून टेबलावर ठेवली आणि बोळा भिजवला.

"काही नको," काकूंनी निगेटिव्हवर हात ठेवला. "चारचौघांत नाव आहे त्यांच्या रूपाचं. आहे तसंच राहू द्या."

काका बोळा धरून उभे आहेत. मोहिनी त्यांच्या तोंडाकडे बघतेय. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायला मी आलेले नाही. तिच्या आजीच्या गालावर मी बसलेय आणि मला स्वतःहून उठता येत नाही. तुम्हाला तर आवाज आहे. सांगा ना काकांना, पुसा म्हणावं.