चर्चवर चढलेला गोठा

ओदिलच्या अंत्यविधीला चर्च गळलं, तेही नेमकं तिच्या शवपेटीवर. आठशे वर्षं टिकलेल्या दगडी छपराला गळायला माझ्या बायकोचाच दिवस सापडला! फादर प्रार्थना म्हणत राहिले, मेयरबाई वर बघत राहिल्या आणि मी दगडासारखा बसून राहिलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आन्सेल्म उठला. आन्सेल्म माझा शेजारी. झऱ्याच्या पाण्यावरून आमचं फाटलं होतं आणि कित्येक वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. त्याने आपली मोठी काळी छत्री उघडली आणि विधी संपेपर्यंत पेटीवर धरून उभा राहिला. पाणी त्याच्या टकलावरून ओघळत होतं. नंतर माझ्याकडे न बघताच तो निघून गेला. मलाही आभार मानता आले नाहीत. अबोला असा घट्ट बसला होता की तोंड उघडेना.

वसंतात मेयरबाईंनी सभा बोलावली. "लाकूडकामाला सरकार पैसे देतंय," त्या म्हणाल्या, "पण गळक्या बाजूला घालायला दगडी फरशा कुठून आणायच्या? आपली खाण तर कधीच बुजली. हिवाळ्याआधी छप्पर झालं नाही, तर चर्चला कुलूप. मयतसुद्धा खालच्या गावात न्यावं लागेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसल्या दगडाचं छप्पर आता फक्त माझ्या गोठ्यावर उरलं होतं.

"गोठा नाही म्हणजे नाही," म्हणून मी तडक घरी आलो.

ते छप्पर लग्नानंतर मी आणि ओदिलने मिळून घातलं होतं. मी वर, ती खाली. मोठ्या फरशा कडेला, जसजसं वर जावं तसतशा लहान. ती निवडून द्यायची, मी खुंटीला अडकवायचो. एकदा फरशीखाली तिचं बोट चेंगरलं, ते नख पुढे कधी सरळ आलंच नाही. एकही दगड असा नव्हता ज्याला तिचा हात लागला नव्हता. पण छपराकडे बघता बघता आन्सेल्मची ती छत्री आठवली. माझ्याशी न बोलणारा माणूस तिच्यासाठी भिजला, आणि मी तिचे दगड गाईंच्या डोक्यावर जपत बसलो होतो.

सकाळीच मेयरबाईंकडे गेलो. "घेऊन जा. माझं मन बदलायच्या आत."

फरशा उतरवायला अख्खं गाव आलं. आन्सेल्म ट्रॅक्टर घेऊन आला आणि एकदाचा बोलला.

"गाईंना पत्रा आणि देवाला दगड! म्हातारपणी भक्त झालास की काय रे, लेओंस?"

"देवाचं सोड. ट्रॅक्टर नीट चालव. एक जरी फरशी फुटली, तर तुझं टाळकं फोडीन."

"फोड की. त्या दिवसापासून सर्दीने तसंही जाम झालंय."

मला हसू आलं, आणि हसता हसता अडकलेलं बाहेर पडलं. "आन्सेल्म, त्या दिवशी फार उपकार केलेस रे."

"कसले उपकार? उपकार ओदिलचे, माझ्यावर. तू झऱ्याचं पाणी अडवायचास ना? तू झोपलास की ती येऊन माझ्या बाजूची झडप उघडायची."

इतकी वर्षं मला वाटत होतं, भांडण मी जिंकलोय! राग यायला हवा होता, पण आला नाही. अशी बायको मला मिळाली, याचंच भरून आलं. त्या संध्याकाळी झडप मी स्वतः उघडली. ती अजून उघडीच आहे.

ऑक्टोबरात मोठा पाऊस लागला. मी चर्चमध्ये जाऊन तिची पेटी होती तिथे बसलो. वर ओदिलच्या फरशा, खाली कोरडी ठणठणीत जमीन. थोड्या वेळाने आन्सेल्म आला, छत्री मिटली आणि शेजारी टेकला.

"चला, आता माझ्या वेळी छत्री धरायला कुणी नको," तो म्हणाला.

"मी धरणार," मी म्हणालो. "गळो की न गळो."