चक्रांकिताची जागा

बडोद्याहून पहाटेच्या गाडीने अलका उधन्याच्या घरी परतली तेव्हा तिला फक्त झोप हवी होती. पण पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही हा तिचा लग्नापासूनचा नेम. आंघोळ करून ती ओल्या केसांनीच देवघरासमोर बसली आणि तिचे हात तिथेच थांबले.

बाळकृष्णाच्या उजवीकडे, अठरा वर्षं रिकामी असलेल्या जागेवर, तिचा नमुना बसला होता. दह्यादुधाने न्हालेला, वर तुळशीचं पान.

कच्छच्या आखातातून आणलेला तो मेलेल्या प्रवाळाचा लिंबाएवढा तुकडा. कुणालाही दगडच वाटावा. पण त्याच्या एका अंगावर पातळ पापुद्रा होता, आणि तो पापुद्रा म्हणजे खसखशीहून बारीक घरं करून एकमेकांना चिकटून राहिलेले ब्रायोझोआ हे समुद्री जीव. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात अलकाने सहा वर्षं या एका जातीवर घालवली होती. जात नवी आहे हे आता तिच्या लेखाच्या परीक्षकांनीही मान्य केलं होतं. मात्र मूळ नमुना संग्रहालयात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक महिनाअखेरपर्यंत कळवा, तरच नाव छापू, असं त्यांचं पत्र होतं. परवानगीने उचललेल्या तीन तुकड्यांपैकी पिल्लं वाढवायच्या कोठड्या, म्हणजे जातीची मुख्य खूण, याच तुकड्यावर धड होत्या. म्हणून मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी बडोद्याला दुसरे दोन नेले, आणि प्रवासात धक्का नको म्हणून हा गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवला होता.

हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. सासऱ्यांनी द्वारकेहून चक्रांकित आणला होता. चक्राच्या खुणा असलेला, शाळिग्रामाशेजारी पुजायचा दगड. तोही मुळात जुना प्रवाळच. दोन हजार सहाच्या पुरात तेव्हाच्या रांदेरच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि तो वाहून गेला. तेव्हापासून मालतीबाई, अलकाच्या सासूबाई, त्या जागेवर नुसतं फूल वाहत. आता त्यांना दिसतही नव्हतं फारसं.

अलकाने तुकडा ताम्हनात घेऊन साध्या पाण्याने धुतला आणि भिंग लावलं. दह्याच्या आंबटपणाने कडेची घरं झिजून बोथट झाली होती. मधली शाबूत होती. आणखी आठवडाभर पंचामृत झालं असतं तर काहीच उरलं नसतं.

हजिऱ्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेल्या रामदासला, म्हणजे नवऱ्याला, तिने दाराशीच सगळं सांगितलं. त्याने बूट काढता काढता उपाय काढला, की तुझ्याकडे आणखी दोन आहेत ना, त्यातला एक ठेव तिथे, आईला काय कळतंय. आणि तो झोपायला गेला.

उपाय सोपा होता. पण या चातुर्मासात अलकाने खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं, आणि न बोलता केलेलं खोटंही खोटंच. व्रताचाही कधी कधी कंटाळा येतो, हे ती कुणाला सांगू शकली नसती. तिला अठरा वर्षांनी भरलेली जागा पुन्हा रिकामी करायची होती, तीही उपाशीपोटी.

मालतीबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या. अलका खाली बसली आणि तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. हा देव नाही, कामाचा नमुना आहे, महिनाअखेर आली, आज संग्रहालयात पाठवला नाही तर सहा वर्षं पाण्यात जातील.

मालतीबाईंच्या हातातली वात थांबली नाही. दमल्या की त्यांच्या तोंडी अहिराणी येई.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "आपला देव गुयगुयीत व्हता. हाऊ खरबरीत शे."

"मग आई, ठेवला कशाला?"

"जागा रिकामी नही, भरेल दिसनी. तीन दिवस."

अलकाला रागावायचं होतं, पण तेवढं बळ नव्हतं. म्हातारीनेच पुढे विचारलं, "तिथं त्याले आंघोळ घालतीन का?"

"नाही आई. तिथे कुणी हातही लावत नाही."

"मंग उपाशीच राहीन तो."

अलका उठली. तिने त्यांना हात धरून देवघरापाशी आणलं. बसवलेल्याला तसंच उचलायचं नसतं, एवढं दोघींनाही ठाऊक होतं. मालतीबाईंनी चाचपत अक्षता वाहिल्या, तुकडा किंचित उत्तरेकडे हलवला आणि हात जोडले. अलकाने कुंचल्याने एकेक अक्षत झटकली, कापसात गुंडाळून तुकडा डबीत घातला. एका कोपऱ्याला हळदीचा पिवळा डाग राहिला. तो काढायला घासावं लागलं असतं, म्हणून राहू दिला.

मग लॅपटॉप उघडून तिने लेखात एक वाक्य वाढवलं: कडेच्या घरांची झीज नैसर्गिक नाही, नमुना तीन दिवस घरी दही व दूध यांच्या संपर्कात होता. परीक्षक हसतील. हसू देत.

साडेअकरा झाले होते. पूजा अजून राहिली होती. रिकाम्या जागेवर वाहायला तिने मालतीबाईंच्या हाती फूल दिलं, उरलेले देव पुसून जागेवर बसवले, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायली.