अरुणा कोण ते मला विचारा

मी अंगठी बोलतेय. खडा नाही, नक्षी नाही, नुसतं सोन्याचं वळं. श्रीनिवासच्या बोटात बसते. माणसाचं तोंड काय बोलतं ते जगाला ऐकू येतं, बोटं काय करतात ते मला कळतं. हा खोटं बोलायला लागला की मला गरागरा फिरवतो. इंग्लंडात, लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरला आल्यापासून माझी आतली बाजू झिजून गेली.

जन्म माझा पुण्याचा. जावयाला अंगठी हवी, म्हणून मुलीच्या आईनं हातातली पाटली मोडली. मुलीचं नाव अरुणा. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं. श्रीनिवासनं मला चिमटीत धरलं आणि माझ्या कडेनं तांदळात लिहिलं, वैजयंती. पेढे वाटले. त्या ताटात अरुणा मेली, कुणी सुतकसुद्धा पाळलं नाही. तिच्या आईच्याच सोन्यानं तिचं नाव पुसलं. मला दोष देऊ नका. धरणारा हात त्याचा होता.

इंग्लंडला आल्यावर तो रोज ट्रेननं लंडनला, फायनान्सच्या नोकरीला. ती घरात. तिथल्या सगळ्या मराठी मंडळाची वैजयंतीवहिनी.

दोन हजार चारच्या सुमारास त्यानं सोन्याचं सोंग काढलं. जमिनीतलं नाही, समुद्राच्या तळातलं. लांबच्या एका बेटाजवळ समुद्राचा तुकडा लीजवर घ्यायचा, गाळ उपसायचा आणि सोनं काढायचं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्या गाळात माझं कुणी नातेवाईक नाही.

एके दिवशी किचनच्या टेबलावर त्यानं तिच्यापुढं त्या धंद्याच्या कंपनीचे कागद सरकवले.

"माहेरच्या नावानं सही कर."

"का हो?"

"टॅक्स वाचतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती हसली. आधी पेपरच्या कोऱ्या कडेला नाव गिरवून बघितलं. मग सावकाश, वळणदार लिहिलं, अरुणा भागवत. लाजली बया, नव्या नवरीसारखी. किती वर्षांनी नवऱ्यानं तिचं स्वतःचं नाव मागितलं होतं!

मंडळाच्या गणपतीत श्रीनिवासनं पैसे घालणारी माणसं गाठली. डॉक्टर संजय हॉस्पिटलातून नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी जन्माची पुंजी ओतली. त्यांची बायको अलका, ही आमच्या बाईची जुनी मैत्रीण. लग्नालासुद्धा होती.

सोनं आलं नाही. पैसेही आले नाहीत.

"लीज कोणाच्या नावावर आहे?" संजय विचारायचे.

"कंपनीच्या."

"कंपनी कोणाची?"

"आहेत लोक." आणि मी गरागरा.

संजय चिवट. बेटावरच्या खाणींच्या ऑफिसात फोन करकरून त्यांनी मालकाचं नाव काढलंच. एका रविवारी नवराबायको दारात हजर.

"अरुणा भागवत! कोण ही बाई?" संजय म्हणाले.

"भामटी आहे एक," श्रीनिवास म्हणाला. "मलाही बुडवलं तिनं." मला इतकं फिरवलं की त्याचं बोट लाल झालं.

चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी. तिनं ऐकलं.

अलका कडाडली, "सापडू दे मला ती सटवी! घर विकायची पाळी आलीय आमच्यावर. चारचौघांत नाव घ्यायला लावते तिला!"

बायका नवऱ्याचं नाव घेतात. हिनं स्वतःचं घेतलं.

"अरुणा मीच."

श्रीनिवास पटकन म्हणाला, "अहो, हिला बरं नसतं हल्ली. हिचं नाव वैजयंती. कुणालाही विचारा."

"अलका, तू होतीस ना लग्नात? सांग की गं!"

अलकानं तिला निरखलं. वैजयंती म्हणता म्हणता इतक्या वर्षांत विसरलेलं नाव तिला आठवलं. मला वाटलं, सुटली.

"होते ना. ताटाशेजारीच बसले होते. माहेरची अरुणाच तू." आणि तिनं ट्रेवर हात मारला. कप फुटले. "म्हणजे चोर इथंच! माझ्या हातचे मोदक खात होतीस गं, आणि आमच्याच घशात हात घातलास?"

"अगं, यांनीच सही कर म्हणून..."

श्रीनिवासनं कपाळावर हात मारून घेतला. "वैजू, तू? माझ्या पाठीमागं?"

काय नट हो! नाटकात असता तर टाळ्या पडल्या असत्या.

कोर्टात ती सही बघितली गेली. इतकी सुरेख, इतकी निवांत, की जबरदस्ती कुणाला दिसेचना. पैसे अरुणाच्या नावावर आले होते, पुढं कुठं गेले ते तिला सांगता येईना. तिला तुरुंग, त्याला सहानुभूती. अलकानं तर त्याला महिनाभर डबे पोचवले. तुरुंगात तिला अरुणा म्हणतात म्हणे. मिळालं एकदाचं नाव परत.

आता दोन हजार नऊ. घटस्फोट झाला. पुढच्या महिन्यात पुण्यात याचं दुसरं लग्न. मुलगी चैत्राली. काल फोनवर तिला गोड आवाजात सांगत होता, "नाव मात्र बदलायचं हं. आमच्याकडं पद्धत आहे." मला उजळून आणलंय. नवीन दिसते मी, पोरी, तूही फसशील.

चैत्राली, मला जीभ नाही, नुसती कड आहे, आणि ती त्याच्या चिमटीत. ताट पुढं आलं की मान खाली घालू नकोस. एक फटका मार आणि उडव ते ताट. तांदूळ सांडले तर अपशकुन म्हणतील. म्हणू देत.