शेगडीजवळून दिसलेली झेलीमावशी

"चेहरा काढायचा राहूनच गेलेला दिसतो. चित्रकर्तीबाईंनी मटारच्या सालींवर ब्रश पुसला असावा," असं पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने छापलं आणि झेलीमावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चेहरा तिचाच होता ना! मान अवघडेपर्यंत अकरा दिवस रोज सकाळी खिडकीशी बसून तिने मटार सोलले होते.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. पोरक्या भाचीला, ऑर्तांसला, तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. पोरीचं प्रत्येक चित्र बघून ती "छान गं" म्हणायची आणि मनात म्हणायची, देवा, हिला काही म्हणजे काही येत नाही. खोली एवढीशी! पलंग आणि चित्र ठेवायचं ईझल यांच्या फटीत उभं राहिलं की नाकासमोर नुसते निळे-हिरवे फटकारे.

आज ऑर्तांसने कॉफीला हातही लावला नाही. "मावशी, प्रदर्शनातून चित्र उतरवून आणू का? तू म्हणालीस तर रंगही टाकून देते. पण उगाच गोड बोलू नकोस."

"आधी माझी टोपी दे," मावशी म्हणाली.

इम्प्रेशनिस्ट चित्रकार मंडळींनी प्रदर्शनासाठी भाड्याने घेतलेल्या खोल्यांत ही गर्दी! लोक ऑर्तांसच्या चित्राला नाक लावून उभे होते.

"डोळे कुठायत हो हिचे?"

"चित्रांच्या यादीत बघा, वेगळे विकायला असतील!"

मावशी कोपर उगारून पुढे घुसली, तर एका बाईच्या घेरदार झग्याने तिला मागे लोटलं, आणखी मागे, थेट समोरच्या भिंतीतल्या शेगडीपर्यंत. तिथून तिने रागाने मान वर केली.

अगंबाई! इतक्या लांबून बघते तर चित्रात ती स्वतःच बसली होती. ओठ घट्ट मिटून, किडका दाणा शोधत, गालावर नऊचं ऊन. चांगली खडूस दिसत होती, आणि सुंदरही. इतक्या मायेने कुणी आपल्याकडे बघत होतं आणि आपल्याला पत्ताच नाही! तिला रडू आवरेना.

तिने समोरच्या साहेबांची बाही ओढली. "मागे या हो! हुंगायला ते काय चीजचा तुकडा आहे?"

साहेब मागे आले. चित्राकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि टोपी काढली. "हात मात्र अर्धवटच आहेत," ते पुटपुटले.

"अर्धवट कसले? हलत होते ते!"

ऑर्तांस दारातच उभी होती. मावशीने तिला शेगडीजवळ ओढलं.

"तुझं एकही चित्र मला आजवर कळलं नाही, पोरी. तोंडदेखलं छान म्हणायचे मी. पण हे जागचं हलवलंस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही, सांगून ठेवते."

"तोंडदेखलं म्हणायचीस ते ठाऊक होतं गं मला," ऑर्तांस म्हणाली, आणि भर गर्दीत मावशीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.